जुना ट्यूब मायक्रोफोन प्रीअँप: दुरुस्ती करू की बदल? (आणि आधी ही घूंऽऽ कुठून येते?)

घरघर_बहाद्दर

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या सामानातून एका चॅनेलचा ट्यूब प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल मोठा करणारा डबा) माझ्याकडे आलाय. पुढची पट्टी कुणीतरी कधीकाळी बदललेली, त्यामुळे कंपनीचं नाव नाही आणि सर्किटचा नकाशाही नाही. उघडल्यावर दिसतं ते असं: जाड धातूच्या डब्यातला इनपुट ट्रान्सफॉर्मर, मग ५८७९ ट्यूब, मग १२एवाय७ ट्यूब, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी ट्यूब) ६एक्स४. मागे शिक्का आहे, '११७ व्होल्ट, ६० सायकल'. मेन्सची वायर दोनपदरी, अर्थिंगचा पत्ता नाही.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावून पाहिला. चालतो! पण सतत घूंऽऽ आहे, गायक जरा वर चढला की आवाज फाटतो, आणि मधूनच ओलं लाकूड पेटावं तशी तडतड होते.

जिथे वाचावं तिथे एकच मंत्र: 'सगळे कपॅसिटर बदला.' यादी तयार आहे. मागवू का?

अण्णा_डागवाले

यादी राहू द्या. आधी प्लग काढा.

साठ-सत्तर वर्षांचं यंत्र थेट मेन्सवर लावलंत आणि ते फुटलं नाही, हे तुमचं नशीब. पुन्हा करू नका. मेन्सच्या ओळीत ४० किंवा ६० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटेल आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल. एलईडी बल्बने हे होत नाही, तो लावू नका.

मग तीनपदरी वायर. अर्थ थेट चासीला (धातूच्या सांगाड्याला), स्वतंत्र स्क्रूवर. फ्यूज लाइव्हच्या तारेत. मेन्सच्या तारेतून चासीला जोडलेला एखादा छोटा कपॅसिटर दिसला तर तो काढून टाका. तो शॉर्ट झाला की अख्खी चासी जिवंत होते आणि मायक्रोफोनला ओठ लावणारा माणूस त्या वाटेत असतो.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये अडीच-तीनशे व्होल्ट राहू शकतात. रेझिस्टर लावून रिकामे करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. एक हात पाठीमागे. गंमत नाही ही.

ओहम_शांती

अण्णांना +१. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 'जागे' करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, त्यात एक फट आहे. ट्यूब रेक्टिफायर असेल तर व्हेरिअ‍ॅक खाली असताना त्याचं हीटर (ट्यूब तापवणारी तार) थंडच असतं, कपॅसिटरपर्यंत काहीच पोचत नाही. मग अर्ध्याच्या पुढे कधीतरी तो वाहायला लागतो आणि कपॅसिटरवर एकदम दोनशे व्होल्ट येऊन आदळतात. हळूहळू चढवण्याचा हेतूच फसला. ६एक्स४ काढून तात्पुरते डायोड लावा, नाहीतर कपॅसिटरची एक तार सोडवून बाहेरच्या सप्लायमधून मोठ्या रेझिस्टरमार्गे काही तास द्या.

घरघर_बहाद्दर

सगळ्यांचे आभार. वायर, फ्यूज, अर्थिंग झालं. मेन्स ते चासी असा एक कपॅसिटर खरंच होता, काढला. (अंगावर काटा आला.)

एक कबुली: धीर धरवला नाही, काल रात्री तिन्ही फिल्टर कपॅसिटर नवीन घातले. जुन्यांपैकी एकाचं बूड फुगलं होतं. पण घूंऽऽ होती तशीच. एका डीबीचाही फरक नाही. आता?

अण्णा_डागवाले

हेच होणार होतं. ते कपॅसिटर वयामुळे बदलायचेच होते, त्यात चूक नाही. पण घूंऽऽचा गुन्हेगार न बघता त्यांना फाशी दिलीत.

एक सांगा, पहिला किती मायक्रोफॅरडचा घातलात? 'जास्त म्हणजे चांगलं' म्हणून २० च्या जागी १०० घातला असेल तर काढा. ६एक्स४ तेवढा झटका पेलत नाही.

आणि हा हम, म्हणजे तुमची घूंऽऽ, कोणत्या जातीचा आहे?

तार_षड्ज

अण्णा जात विचारताहेत ती अशी. फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) १०० हर्ट्झचा असतो. हीटर, अर्थ लूप, किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र यांचा हम ५० चा. गाणाऱ्या कानाला हे लगेच कळतं, मध्ये बरोबर एका सप्तकाचं अंतर आहे. कान तयार नसेल तर आवाज संगणकात घेऊन स्पेक्ट्रम बघा.

दुसरी युक्ती त्याहून सोपी. स्पीकर हळू ठेवा आणि यंत्र चालू असताना मेन्सचं बटण बंद करा. ट्यूब गरम असतात, कपॅसिटरमध्ये साठा असतो, त्यामुळे अँप आणखी काही सेकंद जिवंत राहतो. हम त्या क्षणी गेला तर तो हीटरचा किंवा चुंबकीय. हळूहळू विझला तर सप्लायमधला.

घरघर_बहाद्दर

बटण बंद केल्याबरोबर गायब! स्पेक्ट्रममध्ये ५० वर उंच सुळका, १५० वर दुसरा, १०० वर जेमतेम. म्हणजे कपॅसिटर निर्दोष होते तर. (पहिला २२ चाच आहे, अण्णा. तेवढी अक्कल वापरली.)

ओहम_शांती

हीटरच्या दोन तारांवर एक लहान पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) दिसतंय का? साधारण १०० ओहमचं, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचं? त्याचा मधला पाय चासीला असतो. हीटरच्या दोन्ही बाजू जमिनीच्या सारख्याच वर-खाली राहाव्यात म्हणून ते असतं. यंत्र बंद, प्लग बाहेर, आणि हीटरच्या कुठल्याही टोकापासून चासीपर्यंत किती ओहम दिसतात ते सांगा. वीस-पंचवीसच्या आसपास यायला हवेत.

घरघर_बहाद्दर

पॉट आहे. पण मीटर काहीच दाखवत नाही. ओपन!

ओहम_शांती

सापडला. पॉटच्या मधल्या पायाने पट्टी सोडलीय. तुमचं हीटर वाइंडिंग अधांतरी लटकतंय. शेजारच्या हाय-व्होल्टेज वाइंडिंगमधून जे झिरपेल ते उचलतंय आणि ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) पाजतंय. नवीन वायरवाउंड पॉट घाला. ते मिळेपर्यंत १०० ओहमचे दोन सारखे रेझिस्टर, हीटरच्या एकेका टोकापासून जमिनीला.

हात लागलाच आहे तर आणखी एक करा. तो मधला बिंदू थेट जमिनीला न जोडता +४० व्होल्टवर बसवा. बी-प्लस (ट्यूबना मिळणारं मुख्य हाय-व्होल्टेज डीसी) किती आहे?

घरघर_बहाद्दर

२७०.

ओहम_शांती

मग बी-प्लसपासून २२० के (किलोओहम), तिथून जमिनीला ३९ के. जोडावर ४० च्या थोडं वर मिळतात. ३९ के वर २२ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर. हीटर कॅथोडपेक्षा वर बसलं की हीटरकडून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन गळणं जवळजवळ थांबतं. शिवाय हीच जोडी बंद केल्यावर सप्लाय रिकामा करते: तुमचे एकूण साठेक मायक्रोफॅरड धरले तर मिनिटाभरात २७० चे ५ व्होल्टच्या आसपास येतील. तरी मीटर लावायचाच.

घरघर_बहाद्दर

केलं. हम जवळपास २० डीबीने खाली! घरात नाचून झालं. थोडा उरलाय, त्याच्याकडे नंतर येतो. आता फाटणं आणि तडतड.

सोनचाफा_रेकॉर्ड्स

मी तीन-चार जुने ब्रॉडकास्ट प्रीअँप दुरुस्त केलेत, त्या अनुभवावरून लिहिते. फाटण्यासाठी पहिला संशय ५८७९ च्या प्लेटपासून (जिथून सिग्नल ट्यूबबाहेर पडतो) १२एवाय७ च्या ग्रिडकडे (जिथे तो आत शिरतो) जाणाऱ्या कपलिंग कपॅसिटरवर. कागदी असेल, मेणाचा किंवा काळ्या प्लॅस्टिकचा. तो सोडवून मीटरवर ओहममध्ये मोजू नका, मीटर दोन-तीन व्होल्टवर मोजतो, तिथे तो साळसूद दिसतो. यंत्र चालू ठेवून १२एवाय७ च्या ग्रिडवर डीसी मोजा. शून्य हवं.

तडतडीसाठी पहिल्या ट्यूबचा प्लेट रेझिस्टर. कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचा खास गोंगाट त्यातून डीसी वाहत असेल तेव्हाच होतो. म्हणून प्लेटचा बदलला तर फरक ऐकू येतो, ग्रिडचा बदलून काही मिळत नाही. सरसकट सगळे उपटू नका.

घरघर_बहाद्दर

ग्रिडवर १.८ व्होल्ट! प्लेट रेझिस्टरवर पट्टे २२० के चे, मोजला तर २९० के. स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) १ मेगचा १.४ मेग झालाय.

सोनचाफा_रेकॉर्ड्स

बघा. ग्रिडचा रेझिस्टर ४७० के असेल तर १.८ व्होल्ट म्हणजे जेमतेम ४ मायक्रोअँपची गळती. एवढीशी, पण दुसऱ्या ट्यूबचा बायस (ग्रिडचं ठरलेलं व्होल्टेज) पार हलला. कपलिंगला ०.१ मायक्रोफॅरड, ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन. प्लेट आणि स्क्रीनला मेटल फिल्म. एवढंच बदला आणि पुन्हा ऐका.

मखमली_आवाज

माफ करा, पण इथे सगळे इंजिनिअर जमलेत असं दिसतंय. त्या कार्बन रेझिस्टरमध्ये आणि कागदी कपॅसिटरमध्येच जुन्या आवाजाचा गोडवा असतो. मेटल फिल्म घातली की यंत्र निर्जीव होतं. मी स्वतः ऐकलंय. मग जुनं घेतलं कशाला, नवीनच घ्यायचं होतं.

अण्णा_डागवाले

मखमलीराव, पहिल्या ट्यूबच्या प्लेटवर सिग्नल किती असतो? मिलिव्होल्टमध्ये. तेवढ्यात कार्बनचा रेझिस्टर काय गोडवा घालणार? तो घालतो ती तडतड, आणि ती यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलीय. २९० के झालेला रेझिस्टर हा त्या यंत्राचा मूळ आवाज नव्हे. ज्याने ते बनवलं त्याने २२० के लिहिलं होतं. २२० घालणं ही दुरुस्ती. २९० जपणं हाच खरा बदल, फक्त तो काळाने केलाय.

गोडवा बघायचा तर लोखंडात बघा. ट्रान्सफॉर्मर आहेत तोवर यंत्र तेच आहे.

मखमली_आवाज

गिटार अँपमध्ये मात्र कार्बनचा फरक पडतो, हे तरी मान्य करा.

अण्णा_डागवाले

तिथे प्लेटवर शंभर-शंभर व्होल्टचे हेलकावे असतात, तिथे पडत असेल. इथे नाही. कागदी कपॅसिटरचं मात्र एक मान्य: न गळणारा सापडला तर राहू द्यावा. मी आजवर फारसे पाहिले नाहीत.

घरघर_बहाद्दर

तीन भाग बदलले. तडतड बंद. फाटणं बंद. ग्रिडवर शून्य. एवढा मोठा, उबदार आवाज या डब्यात होता यावर विश्वास बसेना. यादीत एकोणतीस भाग होते. फिल्टरचे तीन, पॉट आणि हे तीन एवढ्यावर भागलं.

आता उरलेला हम. आणि नवा प्रश्न: वरचे स्वर जरा कर्कश, 'स' आणि 'श' टोचतात.

तार_षड्ज

टोचण्याबद्दल: आउटपुट कुठे जोडलंय? आजच्या ऑडिओ इंटरफेसचा लाइन इनपुट बहुधा १० के किंवा त्याहून जास्त असतो. त्या काळचे बरेच आउटपुट ट्रान्सफॉर्मर ६०० ओहमचा भार गृहीत धरून गुंडाळलेले. भार नसेल तर ते वरच्या टोकाला उसळी घेतात. आउटपुटच्या प्लगमध्येच २ आणि ३ नंबरच्या पायांमध्ये ६२० ओहमचा रेझिस्टर लावून बघा. पातळी किंचित पडेल.

हा नियम सगळीकडे लावू नका मात्र. जर्मन रेडिओच्या मॉड्यूलची रीत वेगळी, तिथे आउटपुट अगदी कमी ओहमचा आणि पुढचा भार मोठा. त्यांच्या व्ही७२ अँपला उगाच ६०० ओहम लावून काही साधत नाही.

वाचनमात्र_पक्या

व्ही७२ म्हणजे बीटल्सवाला ना?

तार_षड्ज

अर्धवट बरोबर. व्ही७२ जर्मन रेडिओसाठी बनला: ठरावीक ३४ डीबी गेन, पॉवर सप्लाय त्याच डब्यात. अ‍ॅबी रोडच्या रेड.३७ कन्सोलमध्ये होता तो व्ही७२एस, ४० डीबीचा. त्यानंतरच्या रेड.५१ मध्ये ईएमआयने (स्टुडिओची मालक कंपनी) स्वतःचा रेड.४७ अँप बसवला, ईएफ८६ आणि ई८८सीसी या ट्यूब वापरून. म्हणजे 'तो' आवाज एकाच डब्याचा नाही.

आणि एक सूचना, कुणी व्ही७२ घेऊन बसलं असेल तर: त्यातल्या ईएफ८०४एस च्या जागी ईएफ८६ तशीच खोचू नका. स्वभाव जवळचा, पण पायांची मांडणी वेगळी.

ओहम_शांती

मूळ विषयावर येऊ. उरलेल्या हमबद्दल: इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची (ट्यूबकडच्या वाइंडिंगची) दोन टोकं तारेने जोडून बघा. हम गेला तर तो ट्रान्सफॉर्मर हवेतून उचलतोय.

घरघर_बहाद्दर

गेला. पूर्ण शांत.

ओहम_शांती

वाटलंच होतं. तुमच्या पहिल्या पोस्टमधला शिक्का आठवा, '६० सायकल'. तेवढ्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झ दिले की लोखंडातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) वीस टक्क्यांनी चढतो. जुन्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढी ढील ठेवलेली नसते. तो तापतो, गुरगुरतो आणि बाहेर चुंबकीय क्षेत्र सांडतो. समोर साधारण १:१० चा इनपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २० डीबी फुकट, आणि त्यापुढे अख्ख्या अँपचा गेन. १५० ओहमच्या मायक्रोफोनचा स्वतःचा गोंगाटच -१३१ डीबीयूच्या आसपास, म्हणजे अगदी क्षीण असतो, अशा जागी सांडलेला थेंबही ऐकू येतो.

उत्तर सोपं नाही. फ्लक्स जागेवर आणायचा तर ११७ च्या जागी ९७-९८ व्होल्ट द्यावे लागतील, पण मग ६.३ चं हीटर ५.३ वर येऊन उपाशी. म्हणजे एक तर ५० हर्ट्झचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर, नाहीतर पॉवरचा भाग बाहेर वेगळ्या डब्यात.

मखमली_आवाज

म्हणजे आता ट्रान्सफॉर्मरही काढायचा! 'लोखंड तेच तर यंत्र तेच' असं अण्णाच म्हणाले होते ना?

अण्णा_डागवाले

बरं पकडलंत. पण मी आवाज जातो त्या लोखंडाबद्दल बोललो, वीज देणाऱ्या नव्हे. तरी तुमच्या शंकेत दम आहे, पॉवर ट्रान्सफॉर्मर हाही त्या यंत्राचा भाग. म्हणून मी असं करेन: जुना जागेवरच ठेवायचा, फक्त तारा सोडवून टोकांना नळी चढवायची. नवा बाहेरच्या डब्यात, मीटरभर केबलने आत. एकही नवीन भोक पाडायचं नाही, मेन्सची वायर यायची त्याच भोकातून केबल. उद्या कुणाला ६० हर्ट्झवर जसंच्या तसं हवं असेल तर चार डागांचं काम.

केबलचा कनेक्टर निवडताना सप्लायच्या बाजूला झाकलेल्या पायांचा, म्हणजे मादी कनेक्टर. उघड्या पिनांवर हाय-व्होल्टेज ठेवलेले महाभाग मी पाहिलेत.

सोनचाफा_रेकॉर्ड्स

पुढचा प्रश्न फँटमचा (मायक्रोफोनच्याच तारेतून त्याला दिल्या जाणाऱ्या विजेचा) येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते. ४८ व्होल्ट ६.८ के च्या दोन रेझिस्टरमधून इनपुट प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पायांना. दोन्ही एकमेकांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळलेले हवेत. नुसते '१ टक्का' लिहिलेले आणून न मोजता लावू नका, फरकाचा डीसी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (मायक्रोफोनकडच्या वाइंडिंगमधून) वाहतो. आणि प्रायमरीला मधला टॅप असून तो जमिनीला जोडलेला असेल तर आधी सोडवा, नाहीतर सगळा प्रवाह तिकडेच जाईल आणि मायक्रोफोन उपाशी.

कंडेन्सर मायक्रोफोन लावणार असाल तर पॅडही (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) लागेल. हे अँप रिबन आणि डायनॅमिक मायक्रोफोनच्या काळातले, पुढे कंडेन्सर ओरडला की पहिली ट्यूबच भरून जाते, व्हॉल्यूम कमी करून उपयोग नसतो. दोन्ही तारांत ६८० ओहम आणि त्यांच्यापुढे आडवा १५० ओहम: साधारण २० डीबी. फँटमचे रेझिस्टर मायक्रोफोनच्या बाजूला, पॅड त्यांच्यानंतर.

अजून एक. इनपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग 'चालू आहे का' म्हणून मीटरच्या ओहमने उगाच मोजत बसू नका. त्या पातळ गाभ्यातून डीसी गेला की तो चुंबकित होऊ शकतो.

वाचनमात्र_पक्या

१२एवाय७ च्या जागी १२एएक्स७ घातली तर गेन वाढेल ना? पाय तर सारखेच आहेत.

ओहम_शांती

पाय सारखे, हीटरही सारखं, म्यू (ट्यूबच्या गेनचा आकडा) ४० च्या आसपासचा १०० होतो. पण १२एएक्स७ चा अंतर्गत रोध दुपटीहून जास्त, प्रवाह कमी. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ढकलायची ताकद नाही. खालचे स्वर पातळ होतील. गेन तुम्हाला आधीच जास्त होतोय, तो वाढवून करायचं काय?

घरघर_बहाद्दर

मधे दीड महिना गेला, क्षमस्व. अण्णांच्या पद्धतीनेच केलं. ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, बाहेरच्या डब्यात बसवला, जुना जागेवर झोपलाय. हीटरवर ६.२ व्होल्ट, बी-प्लस २६५. हम आता मायक्रोफोनच्या स्वतःच्या सूं... खाली बुडालाय. ६२० ओहमने 'स' मऊ झाला. फँटम नाही घातलं. रिबनच वापरतो, आणि चुकून कुणी बटण दाबलं तर तिची पट्टी जायची भीती. कंडेन्सरसाठी बाहेरचा फँटम डबा आहे, त्यातच पॅड.

एकच उरलंय. ५८७९ ला बोटाने टिचकी मारली की टण्ण आवाज येतो आणि सेकंदभर घुमतो. जोरात गाणं चालू असताना स्पीकर त्याच खोलीत असेल तर जाणवतं.

तार_षड्ज

थोडं टण्ण सगळ्यांना असतं. घुमत राहतं ते वाईट. दोन-तीन ५८७९ मागवून त्यातली सर्वांत गप्प ती पहिल्या जागी लावा. नवी-जुनी याला महत्त्व नाही, जुन्या साठ्यातल्या न वापरलेल्या ट्यूबही बोंबलतात. आणि सॉकेट रबरी वॉशरवर असेल तर वॉशर बघा, इतक्या वर्षांत ते दगड झालेले असतात.

घरघर_बहाद्दर

वॉशर अक्षरशः दगड! बोटाने मोडले. नवीन घातले, निम्मं टण्ण गेलं. ट्यूब मागवल्यात.

अण्णा_डागवाले

छान. आता एक काम राहिलंय. काढलेले सगळे भाग, तो फुगलेला कपॅसिटरसुद्धा, एका पिशवीत घाला. कुठला कुठून काढला, त्याच्या जागी काय घातलं, कुठल्या पायावर किती व्होल्ट मोजले, सगळं कागदावर हाताने लिहा आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. नकाशा नव्हता म्हणत होतात ना पहिल्या पोस्टमध्ये? पुढच्या माणसाला तो तेवढा तरी मिळू दे.

घरघर_बहाद्दर

कागद लिहिला, अण्णा. पिशवीवर 'मखमलीरावांचा गोडवा' असंही लिहिलंय. 😄

मखमली_आवाज

पत्ता पाठवतो, पिशवी इकडे पाठवा.